नोरीन कुठे राहते

कॉन्डी ब्रेस्लिनच्या पहिल्या ठोशाने डिम्फना बॉयल पबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि जाताना तीन स्टुलं, एक कुत्रा आणि भिंतीवरची पोपची तसबीर घेऊन गेली. तसबिरीबद्दल काही लोक वाद घालतात. कुत्रा मात्र माझाच होता.

ती उठली. मासळीच्या गोदामात बांगडे साफ करणारी बाई, उंचीने माझ्या खांद्याएवढी, आणि मीही काही उंच नाही. ओठाचं रक्त तिने रुमालाने टिपलं आणि म्हणाली, "पुन्हा सांगते, मागच्यांनी ऐकलं नसेल. मंगळवारी पोस्टात जाऊन मी सरकारला कळवणारे. नोरीन माझ्याकडे राहते. बापाकडे राहत नाही."

तेव्हा कुठे पब गप्प झाला. ठोशाने नाही. आमच्या डोनेगॉलच्या आयरिश किनाऱ्यावर ठोशाला कोणी ग्लासातून मान वर करून बघत नाही. पब गप्प झाला तो 'कळवणारे' या शब्दाने. आमच्याकडे माणसाने शेजाऱ्याची मेंढी पळवली, भावाचं डोकं फोडलं, तरी त्याच्या मयताला माणसं येतात. सरकारला कळवणाऱ्यासाठी खड्डा खणायलाही कोणी फावडं देत नाही. इंग्रज जाऊन पन्नास वर्षं झाली होती, पण खबरी म्हटलं की म्हातारी माणसं अजून थुंकायची.

हकीकत साधी होती. कॉन्डीची बायको ऊना ही डिम्फनाची धाकटी बहीण. ती दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. मागे पाच वर्षांची नोरीन राहिली. सरकार पोरामागे भत्ता देतं, तो महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पोस्टात मिळतो. आई नसली तर बापाला. कॉन्डी पोस्टातून निघायचा तो थेट पबात, आणि सगळ्यांना एकेक ग्लास पाजायचा. नको म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

पुढे एका संध्याकाळी त्याने पोरीच्या गळ्याचं हाड मोडलं. ती अनवाणी डोंगर उतरून मावशीच्या दारात आली आणि तिथेच राहिली. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सरकारदरबारी मात्र ती बापाकडेच होती. त्यामुळे तपासनीस येणार असला, किंवा कॉन्डीला नुसती लहर आली, की पोलिसांचा सार्जंट स्वतः जाऊन पोर उचलायचा आणि बापाच्या दारात नेऊन सोडायचा.

"कायद्याने ती त्याच्याकडे राहते, डिम्फना," तो टोपी काढून म्हणायचा. "मी काय करू?"

असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी पोर परत आली ती एका कानाने बहिरी होऊन.

"खबरी," कॉन्डी पबमध्ये म्हणाला.

"खबरी पाठीमागून सांगतो, मेहुण्या. मी तुझ्या तोंडावर सांगतेय. ह्या सगळ्यांच्या देखत. आता काय मारायचं ते मारून घे, पोर घरी एकटी आहे."

त्याने मारलं. तिच्या दोन बरगड्या गेल्या. पण तिच्या हातातल्या पिशवीत गोदामातला बांगड्यांचा गोठलेला गठ्ठा होता, विटेसारखा. तिने ती पिशवी अशी काही फिरवली की कॉन्डीचा जबडा आधी उजवीकडे गेला आणि तो स्वतः मागाहून. एक दात उडून पॅडर हेगार्टीच्या ग्लासात पडला. पॅडरने ग्लास संपवला. कॉन्डीने पाजलेला होता, टाकवेना.

मंगळवार यायला अजून चार दिवस होते, आणि गावाने ते वाया घालवले नाहीत. तिच्या सगळ्या खिडक्यांवर दगड पडले. एक दगड एवढा मोठा होता की घर खिडकीतून बाहेर निघालं असं लोक सांगतात. दारावर डांबराने 'खबरी' लिहिलं गेलं. गोदामात तिच्या मासळीच्या टपात कोणीतरी फुटकी काच टाकली. तिचा तळवा चिरला. तिने तो फडक्याने बांधला आणि कामाची पाळी संपेपर्यंत बांगडे साफ केले. बाकीच्या बायका पाठ करून उभ्या होत्या.

मंगळवारी ती नोरीनचा हात धरून निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, जत्रेला असावं तसं. पोस्टाच्या दारासमोर कॉन्डी होता. जबडा फडक्याने डोक्याला बांधलेला, हातात होडीचं वल्हं.

"पोर इथे ठेव," तो दातांच्या फटीतून म्हणाला, "आणि घरी जा, थेरडे."

"वाट सोड."

वल्हं खाली आलं. तिचा उजवा हात मोडला त्याचा आवाज माझ्या बायकोने खाडीपलीकडे घरात ऐकला, आणि माझ्या बायकोला चर्चची घंटा ऐकू येत नाही. डिम्फना गुडघ्यांवर बसली. कॉन्डीने पुन्हा वल्हं उचललं, तोच नोरीनने त्याच्या मांडीत दात रोवले. तो ओरडला, तिचे केस धरून ओढू लागला, ती सुटेना. त्याच्या विजारीतून रक्त बुटात उतरलं. तेवढ्यात डिम्फना उठली. तिच्या डाव्या हातात गोदामातली सुरी होती, आणि सुरीचं टोक त्याच्या पोटाला टेकलं होतं, बांगडा जिथून उघडतात बरोबर तिथे.

"मी दिवसभर हेच करते, कॉन्डी," ती म्हणाली. "डाव्या हाताने थोडं वेडंवाकडं होईल, एवढंच."

कॉन्डीने वल्हं टाकलं. गावाने एक पाऊल मागे घेतलं. मी दोन घेतली.

आत कॉन्सेप्टा पोस्टमास्तरीण जाळीमागे पांढरीफटक बसली होती. सरकारी कागद पुढे ओढून तिने विचारलं, "काय बदल झालाय?"

"पोर माझ्याकडे राहते."

"कधीपासून?"

"हाड मोडलं तेव्हापासून."

कॉन्सेप्टाने तिच्या हाताकडे पाहिलं. "आजपासून लिहू?"

"पोरीचं हाड. गळ्याचं. दीड वर्ष झालं. हे माझं आत्ताचं आहे, ते नको लिहू."

त्यानंतर कॉन्डीने एकदा सार्जंटला तिच्या घरी धाडलं. सार्जंट अर्ध्या वाटेवरून परत आला. "कायद्याने ती तिच्याकडे राहते," तो म्हणाला. "मी काय करू?"

डिम्फनाचा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि गाव तिच्याशी पुन्हा कधी बोललं नाही. दुकानदार सामान काउंटरवर ठेवून आत निघून जायचा. चर्चमध्ये तिचा बाक तिच्यापुरताच. पोर मात्र वाढली. बहिऱ्या कानाला गाडी कळायची नाही, म्हणून मावशी तिला रस्त्यात कायम भिंतीकडून चालवायची. एका कानाने ऐकत शाळेत पहिली येत राहिली, आणि सतरा वर्षांची होताच जून महिन्यात ग्लासगोच्या बोटीत बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिकिटांसाठी पोस्टात होतो. डिम्फना आत आली. दारातल्या पोरांनी वाट दिली. बाहेरच्या कट्ट्यावर कॉन्डी बसला होता, वाकड्या जबड्याने पाव भिजवून खात. त्याने वर पाहिलं नाही.

"बदल कळवायचाय," ती म्हणाली. "नोरीन आता माझ्याकडे राहत नाही."

कॉन्सेप्टाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. इतक्या वर्षांत ती डिम्फनाशी पहिल्यांदाच कामापलीकडचं बोलत होती. "अगं, सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत कोणी विचारत नाही. दोन-तीन महिन्यांचा भत्ता सहज निघेल. गावातलं कोण सांगायला जाणारे?"

"मी सांगतेय ना," डिम्फना म्हणाली.

तिने डाव्या हाताने सही केली, शाई वाळेपर्यंत थांबली आणि बाहेर पडली. रस्त्याला एकही गाडी नव्हती. तरी ती गाड्यांच्या बाजूने चालत होती, भिंतीकडची एका माणसाची जागा मोकळी सोडून.