पालथं पडून पाहिलेली मालिका

बाईंच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही. तीस वर्षं शिवणवर्ग चालवलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, की संध्याकाळी सातला अर्धा तास तरी? डॉक्टर नाही म्हणाले.

सातला बाईंची मालिका लागायची. तिच्यातली दोघं दीड वर्ष एकमेकांवर जीव टाकत होती आणि दीड वर्ष मूग गिळून बसली होती. आता नेमके शेवटचे नऊ भाग उरले होते. लेक म्हणाली, मी मोबाइलवर वाचून दोन ओळींत सांगत जाईन.

"काय झालं ते नको मला," बाई उशीतूनच म्हणाल्या. "कसं झालं ते हवंय."

राहता राहिले यजमान. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले; असल्या मालिकांना त्यांनी कधी 'रडारड' याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं. बाईंनी त्यांना टीव्हीसमोर बसवलंच. संवाद बाईंना ऐकू यायचे, पण त्या मालिकेत महत्त्वाचं सगळं न बोलता घडायचं. नुसती बासरी वाजायची.

"आता काय चाललंय?"

"तो उभा आहे."

"कसा बघतोय?"

"डोळ्यांनी."

बाई हटल्या नाहीत. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या मुलींनाही त्यांनी कॉलर शिवायला शिकवलं होतं. हात कुठे आहेत, मध्ये अंतर किती, त्या एकेक विचारत गेल्या. अंतराचं नाव निघताच यजमान सावरून बसले.

"चार फूट. नाही, साडेतीन. तिनं पाऊल पुढे टाकलंय."

पाचव्या दिवसापासून ते न विचारता सांगू लागले. सातव्या दिवशी दोघांचे हात दोन बोटांच्या अंतरावर आले आणि नायकाच्या आत्यानं दार उघडलं. तेव्हा यजमानांनी आत्याला जो शब्द वापरला, तो बाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

शेवटच्या भागात लग्न झालंच नाही. ती दूर नोकरीला निघाली, बस सुटली. यजमान भडकले. दीड वर्ष माणसांना ताटकळत ठेवून हा शेवट? वाहिनीला पत्र लिहायला ते कागद शोधू लागले.

"आधी बसा," बाई म्हणाल्या. मान आखडली होती, कपाळावर उशीचा वळ उमटला होता. "तिनं मागे वळून पाहिलं का?"

"पाहिलं. दोनदा."

"आणि तो?"

यजमान खुर्चीत टेकले. "बसमागे चालत होता. धावला नाही. पण थांबलाही नाही."

"मग जाईल तो तिच्याकडे. महिना नाही लागायचा."

यजमानांना पटलं नाही. जेवणं होईपर्यंत ते वाद घालत राहिले.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. पडदा नीट बसला होता. संध्याकाळी बाई ताठ बसून नवी मालिका पाहायला आल्या. यजमान आधीच खुर्ची ओढून बसले होते. नवा नायक काही त्यांच्या मनात भरला नव्हता, आणि का भरला नाही, हे ते सांगतच सुटले.