फळीवरच्या एल्फ्याची कैफियत

मित्रांनो, जन्माने मी हातमोजा. डाव्या हाताचा, पांढऱ्या सुती विणीचा, मनगटाला पिवळी किनार असलेला एक जुना हातमोजा. सध्या माझा मुक्काम पिंपळे गुरवमधल्या एका भाड्याच्या घरात, स्वयंपाकाच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे आहे. डोक्यावर लाल टोपी आहे, पोटात उशीचा कापूस आहे आणि नावावर चोरीचा आळ आहे. टोपीबद्दल आणि कापसाबद्दल माझी काही तक्रार नाही. आळाबद्दल मात्र मला बोलायचं आहे, आणि गोड बोलायचा माझा विचार नाही.

माझी उमेदीची वर्षं, वर्षं कसली, उमेदीचे आठवडे चाकणला गेले. तिथल्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधतात. विजयश्री नावाची बाई तिथे लाइनवर उभी असायची आणि मी तिच्या डाव्या हातावर. वायर ओढायची, टेप गुंडाळायची, पुढे सरकवायची. माझी बोटं काळी पडली, टोकं विरली. कौतुक कोणी केलं नाही. हातमोज्याचं असंच असतं. बोट शाबूत राहिलं तर बोटाचं नशीब, कापलं तर हातमोजा खराब. हे मला पुढच्या आयुष्यातही उपयोगी पडलं.

विजयश्रीची मुलगी दिव्या, दुसरीतली. तिच्या वर्गात टॉवरमध्ये राहणारी एक मैत्रीण होती. तिच्या घरी कुरिअरने एल्फ आला होता. एल्फ म्हणजे सांताचा मदतनीस. डिसेंबर लागला की तो घरातल्या शेल्फवर येऊन बसतो, सगळे झोपले की खोड्या काढतो आणि मुलं कशी वागतात ते सांताला जाऊन सांगतो. दिव्याने घरी येऊन सरळ विचारलं, "मम्मी, आपल्याकडे शेल्फ नाही म्हणून तो येत नाही का?"

"फळी चालत असेल त्याला," विजयश्री म्हणाली.

बोलून तर बसली. आता एल्फ आणायचा कुठून? विकतचा परवडणारा नव्हता. मग तिने मला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. कंपनीत नियम असा की जुना जोड जमा केला तरच नवा मिळतो. स्टोअरमधल्या अर्जुनरावांनी तिच्या हातात एकच मोजा पाहिला आणि मान हलवली. "ताई, जोड पुरा करा, मग या." पुढचा आठवडाभर विजयश्रीने उघड्या डाव्या हाताने काम केलं. तारांनी बोटं खरवडून निघाली. घरी कोणी विचारलं तर म्हणायची, भांडी घासून झालं.

तिने मला उलटं केलं. मधली दोन बोटं पाय झाली, कडेची दोन हात झाली, अंगठा पोटात गेला. मनगटात कापूस भरून दोऱ्याने आवळलं, डोकं झालं. जुन्या ब्लाउजची लाल टोपी, शर्टाच्या गुंड्यांचे डोळे. शेवटी लाल दोऱ्याने तिने मला हसरं तोंड काढलं. मित्रांनो, तोंड दिलं, पण शिवून दिलं.

दिव्याने मला पाहिलं आणि माझं नाव ठेवलं एल्फ्या.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. विजयश्रीची पहिली शिफ्ट, पहाटे कंपनीची बस. त्याआधी नळाला पाणी यायचं, ते भरता भरता ती माझी खोडी मांडायची. एकदा तांदळाच्या पिठात माझे पाय बुडवून फळीपासून दारापर्यंत पावलं उमटवली. एकदा घरातल्या सगळ्या चपला ओळीत लावल्या आणि मला पुढच्या चपलेत ड्रायव्हर म्हणून बसवलं. एकदा हंड्याच्या काठावर बसून मी दोरा सोडून मासे पकडत होतो. गळाला काय, तर हिरवी मिरची. खर्च शून्य. दिव्या उठली की आधी मला शोधायची, मग दात घासायची.

बातमी पसरली. शेजारचा समर्थ रोज सकाळी दप्तर घेऊन माझं दर्शन घ्यायला यायचा, त्याच्या मागे आणखी चारपाच पोरं. मग त्यांच्या आयाही कामाला लागल्या. कोणी पायमोज्याचा एल्फ केला, कोणी फाटक्या टॉवेलचा. घरमालकीण कस्तुरामावशी इथल्या मूळ गावातल्या. त्या चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"विजू, ह्यो कंचा द्येव म्हनायचा?"

"देव नाही मावशी. खोडकर आहे. पोरांसाठी."

"मंग आमच्या मालकांच्या जातीचा हाय," मावशी म्हणाल्या आणि माझ्यापुढे साखरेची चिमूट ठेवून गेल्या. त्या साखरेला मुंग्या लागल्या, पण मला फार बरं वाटलं होतं. ज्याचं आयुष्यात कोणी नाव घेतलं नाही, त्याला चार घरची पोरं ओळखत होती.

याच दिवसांत दिव्याची आणखी एक धांदल चालली होती. शाळेने तिला स्केटिंगच्या शर्यतीत निवडलं होतं. शर्यत नाताळच्या आधीच्या रविवारी. स्केट्स जुने, निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यातल्या मुलाला लहान झालेले. दिव्याच्या पायांना मात्र ते मापात बसले. रोज संध्याकाळी ती गल्लीत चकरा मारायची आणि रात्री स्केट्स फडक्याने पुसून कॉटखाली ठेवायची. घरात दुसऱ्या कोणत्याही वस्तूला इतकी माया मिळत नव्हती. मलासुद्धा नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

आता दिव्याच्या बापाबद्दल सांगतो. सुजित त्याचं नाव. चाकणलाच दुसऱ्या कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. माणूस वाईट नव्हे. पण कंत्राटी माणसाला काही महिने भरले की ब्रेक देतात. शब्द ऐकून वाटतं चहापाण्याची सुट्टी असावी. ब्रेक म्हणजे उद्यापासून येऊ नको.

सुजितने हे घरी सांगितलं नाही. रोज सकाळी दिव्याला शाळेच्या रिक्षात बसवायचा, डबा घ्यायचा आणि निघायचा. दुपारी घर रिकामं असताना कुलूप उघडून परत यायचा आणि माझ्यासमोर बसून तोच डबा खायचा. ठेकेदाराला फोन लावायचा. "भाऊ, कुठली लाइन असंल तर बघा की. नाइट पण चालंल." पलीकडून काय उत्तर यायचं ते मला त्याच्या मानेवरून कळायचं. विजयश्री यायच्या आत डबा धुऊन तो पुन्हा बाहेर पडायचा. तेव्हा मला त्याची कीव यायची. शपथेवर सांगतो, खरोखर यायची.

पगाराच्या दिवशी घरात काहीतरी द्यायला तर हवं. एके दिवशी टीव्हीशेजारचा मोठा स्पीकर नाहीसा झाला. संध्याकाळी दिव्याने विचारलं, "पप्पा, स्पीकर कुठंय?"

"मला काय विचारते? तुझ्या त्या एल्फ्याला विचार," सुजित हसत म्हणाला.

दिव्याही हसली. विजयश्रीचं लाटणं मात्र पोळीवर थांबलं. मी हलतो तो फक्त तिच्या हाताने, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? पण ती पुन्हा पोळी लाटू लागली. पुढच्या आठवड्यात मिक्सर गेला. "अहो, मिक्सर?" तिने दिव्यासमोरच विचारलं.

"एल्फ्याच असणार. लई वाढलाय तो," सुजित म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

विजयश्रीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि चटणी पाट्यावर वाटायला घेतली. तिची अडचण मला समजत होती. एल्फ्याने मिक्सर नेला नाही म्हणावं, तर एल्फ्या म्हणजे आईच हे पोरीला कळणार. डिसेंबरभर जीव ओतून मांडलेला खेळ मोडणार. खेळ टिकावा म्हणून ती गप्प बसली आणि तिच्या गप्प बसण्याच्या आडोशाने सुजितचं खोटं टिकलं. मधल्यामध्ये मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि मग ती सकाळ. विजयश्री बसला गेली होती. दिव्या डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली होती. सुजित कॉटजवळ वाकला आणि त्याने स्केट्स बाहेर काढले. एका बुटाची लेस निघून जमिनीवर पडली. स्केट्स पिशवीत घालून त्याने वरून डबा ठेवला. मग तो फळीपाशी आला आणि त्याने मला उचललं. इतक्या दिवसांत त्याने मला हात लावला नव्हता. त्याने मला कॉटखाली, स्केट्सच्या जागेवर बसवलं आणि ती लेस माझ्या हाताला गुंडाळली.

बापाने पहिल्यांदा खेळात भाग घेतला, मित्रांनो, तो असा.

"ऊठ बाळा, रिक्षा येईल," तो दिव्याला म्हणाला. ती उठली, तयार झाली, गेली. संध्याकाळी सुजित दारात बूट काढत होता, तेवढ्यात तीच म्हणाली, "पप्पा, एल्फ्याने माझे स्केट्स लपवले."

सुजितच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "सापडतील गं," तो म्हणाला. मग दोघांनी मिळून शोधलं. पाण्याच्या ड्रममागे, गाद्यांखाली, माळ्यावर. सुजितने मोबाइलचा टॉर्च लावला. आपण स्वतः विकून आलेली वस्तू तो पोरीच्या बरोबरीने वाकून वाकून शोधत होता, आणि विजयश्री ओट्याशी पाठ करून उभी होती.

रविवार आला, शर्यत झाली. दिव्याने कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या असं समर्थने येऊन सांगितलं. पुढे तो म्हणाला, "तुझा एल्फ चोर आहे."

"हो," दिव्या म्हणाली.

तिने दोऱ्याने माझे दोन्ही हात बांधले आणि कपड्यांच्या चिमट्याने मला खिडकीच्या गजाला लटकवलं, तोंड गल्लीकडे. पोरं जमली. कोणी खडे मारले, कोणी टोपी ओढली. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या घरांतले एल्फही गायब झाले. चोरट्यांची जात म्हणून आयांनी त्यांना आवरून ठेवलं असावं.

कस्तुरामावशी खिडकीखाली थांबल्या. सुजित दारातच होता. दुपारच्या कुलपाचा आवाज मावशींनी रोज ऐकला होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या. "काय रं सुजित?"

"काय मावशी?"

"काय न्हाई. वारं हाय, बाहुलं पडंल म्हनलं."

सुजित आत गेला. दिव्या उंबऱ्यावर बसली होती. तिने मावशींकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "एल्फ्यानेच घेतलेत मावशी. त्याच्या हातात लेस सापडली." मावशी निघून गेल्या.

नाताळच्या पहाटे विजयश्रीने मला खिडकीतून काढलं. टोपी शिवली, हात सोडले आणि मला फळीवर बसवून माझ्या मांडीवर बेकरीतल्या केकचा तुकडा ठेवला. मग ती पाणी भरायला बाहेर नळावर गेली. सुजित झोपला होता, किंवा तसा पडला होता. दिव्या उठली आणि स्टूल घेऊन माझ्याजवळ आली. आता मार पडणार असं मला वाटलं. तिने मला कानाशी धरलं.

"तू नाही घेतलेस, मला माहितीये," ती अगदी हळू म्हणाली. "मी जागी होते. पप्पांनी तुझ्या हाताला लेस बांधली ना, तेव्हा मी पांघरुणातून बघत होते. पण तू बाहुला आहेस. तुला चोर म्हटलं तर चालतं. पप्पांना सगळे चोर म्हणाले असते."

मित्रांनो, खडे मला लागले नव्हते. कापसाला खडे काय लागणार? हे लागलं. म्हणजे त्या संध्याकाळी ड्रममागे, गाद्यांखाली, माळ्यावर ती काय शोधत होती? काही नाही. बाप शोधतोय म्हणून तीही शोधत होती.

कडी वाजली. विजयश्री हंडा घेऊन आत आली. दिव्याचा चेहरा पापणी लवायच्या आत बदलला.

"मम्मी, बघ ना, एल्फ्या सांताकडे जाऊन आला. केक आणलाय."

विजयश्रीच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. पोरीचा विश्वास वाचला, असं तिला वाटलं. पलीकडे सुजितही उठून बसला आणि हसला. तिघं मिळून केक खायला बसली. एकट्या दिव्याला सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांत छान तीच हसत होती. मी त्या घरात खोड्या काढायला आलो होतो. माझ्या पाठीआड लपून दुसरीतली पोर एवढं सराईत खोटं बोलायला शिकली, याचा राग मी कोणावर काढू?

आता पुन्हा डिसेंबर येईल. सुजितला दुसरीकडे काम लागलं आहे, मिक्सरही नवा आला आहे, आणि बरणीमागे माझ्यावर धूळ बसली आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. मला धुळीचं काही वाटत नाही. पण विजयश्रीताई, सुजितराव, तुम्ही मला काढाल, पिठात माझे पाय बुडवाल, आणि तुमचं मन राहावं म्हणून ते लेकरू यंदाही टाळ्या वाजवील. एवढं तिला करायला लावू नका. स्केट्स कुठे गेले ते आधी तिला सांगा, मग मला खाली काढा.