कोचाची डावी बाजू

खिळा अर्धा वर आला आणि तिथेच थांबला, डोकं तिरकं करून — जणू त्याचं काही म्हणणं आहे आणि ते ऐकून घेतल्याशिवाय तो बाहेर येणार नाही. पकडीची टोकं त्याच्याखाली सरकवताना, जमिनीवर मांडी घालून, म्हणजे मांडीच्या जवळपास पोचेल असं काहीतरी करून बसलेल्या त्याला वाटलं, आपल्याला घरात इतका विरोध बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बायको मुलीकडे गेल्यापासून कुणीच केला नव्हता. शिवाय हा खिळा जुना नव्हता. सकाळीच त्याने स्वतःच्या हाताने ठोकलेला होता, चांगला मन लावून.

कोच आडवा पडला होता, पाठ जमिनीला आणि पाय भिंतीकडे. असा पडलेला कोच फार केविलवाणा दिसतो… दवाखान्यातून तिला मुलीच्या घरी नेलं तेव्हा तीही अशीच, छताकडे बघत. खुब्याचं हाड नवं बसवलंय, डॉक्टर म्हणाले होते, आता बैठक उंच हवी, गुडघ्यापेक्षा जरा वर, आणि कडक. हा कोच तर माणसाला गिळायचा. "आई यात बसली तर काढायला क्रेन लागेल, बाबा," मुलगी म्हणाली होती. त्यावर तो हसला होता, बायको हसली नव्हती. "मला उठवायला माणूस लागणार असेल तर मी इथेच बरी," एवढंच ती म्हणाली, आणि पांघरूण नीट करत बसली. ते आधीच नीट होतं.

मुलगी म्हणाली, नवा घेऊ. तो नको म्हणाला. कारण विचारलं तेव्हा लाकूड चांगलं आहे असं काहीतरी त्याने ठोकून दिलं. खरं कारण असं, की नवा कोच म्हणजे पाहुण्यांची जागा, आणि पाहुण्यांच्या जागी बसलेलं माणूस थोड्या वेळाने निघायला उठतं.

कुशनवाल्याने कडक फोम दिला आणि एकच गोष्ट बजावली. "काका, जुनं कापड फेकू नका. तेच अंथरा आणि त्यावरून नवं कापा. डोकं चालवू नका." त्याने डोकं अजिबात चालवलं नाही. जुनी खोळ उसवली, आणि कापायच्या आधी धुतली. चांगली गरम पाण्यात. कारण या घरात न धुतलेला कपडा मापाला जात नाही. शिंप्याकडे जुनं पोलकं पाठवायचं तरी बायको आधी धुऊन, वाळवून, घडी घालून पाठवायची — आपला मळ परक्याने का बघावा? इथे परका कोणीच नव्हता. पण नियम तो नियम. आणि मग उभी हयात वजनमाप खात्यात काढलेल्या, दुकानदारांच्या मोजपट्ट्या उन्हात धरून तपासलेल्या या माणसाने, आटलेल्या कापडावरून नवं कापड अतिशय अचूक कापलं. पुढची बाजू ठोकून झाल्यावर मागे ओढायला गेला तर वीतभर कोच उघडाच.

खिळा निघाला. पुढचा अजून होता. त्याने पक्कड ठेवली आणि बायकोला फोन लावला — कापडासाठी नाही, ते सांगायचं नाहीच असं ठरलं होतं.

"ऐक, तुझा गुडघा जमिनीपासून किती वर आहे?"

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. सांग ना."

"पायाच्या मध्यावर आहे. सगळ्यांचा असतो."

"मोजून सांग. फोमचा थर ठरवायचाय."

"गावभरची मापं घेत हिंडलात, आणि बायकोचा गुडघा माहीत नाही!" मग मुलीला हाक, टेप शोधण्याची खुडबुड, आणि मध्येच, "चप्पल घालून मोजू की अनवाणी?"

"घरात कशी असतेस?"

"चप्पल घालूनच. फरशी किती गार असते आपली."

आपली. अशा वेळी बोललं तर काहीतरी बिघडतं. तिने माप सांगितलं, त्याने हातावर लिहिलं.

"कापड कसलं घेतलंत?"

"हिरवं."

"कसलं हिरवं?"

"…हिरवं."

"आणि जुनं धुतलंत ना आधी?"

"धुतलं की!"

"मग आटलं असेल," ती म्हणाली, आणि एकदम हसायला लागली — ऑपरेशननंतर पहिल्यांदा, तिचं ते नाकातून येणारं हसू. "नका हो हसवू, टाके ओढतात… मागे जोड द्या त्याच जुन्या कापडाचा. भिंतीकडे कोण बघतंय?" आणि ठेवता ठेवता, "घाई करू नका."

जोड देताना तो हे वाक्य सगळ्या बाजूंनी तपासत राहिला. बोट ठेचून घेऊ नका, असं? की मला इथे बरं चाललंय, असं? वजन केलं तर दोन्ही पारडी सारखी. फोमचा जुना तुकडा कोपऱ्यात उभा होता, डाव्या बाजूला खोलगट, ती पाय वर घेऊन बसायची तिथे. नवा फोम सगळीकडे सपाट. त्याला अजून कुणाचीच सवय नव्हती.

संध्याकाळी कोच सरळ करून भिंतीला लावला. हातावरचं माप पडताळलं; बरोबर होतं, पण माप बरोबर असणं आणि माणूस उठणं यांत किती अंतर असतं हे तो नोकरीत शिकला नव्हता. म्हणून चप्पल घालून डाव्या बाजूला बसला. तिथे तो कधी बसलाच नव्हता. गरजच पडली नव्हती. हात न टेकता उठून बघायचं होतं.

बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की इथून टीव्ही दिसतच नाही. म्हणजे दिसतो, पण कडेने, चकाकणारी एक पट्टी. बातम्या संपल्यावर मी विचारायचो, काय म्हणाला गं तो शेवटी? ती म्हणायची, काय माहीत. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणायचो मी. इथून समोर, अगदी नाकासमोर, येते ती माझी खुर्ची. हात ठेवून ठेवून काळे पडलेले खुर्चीचे हात, माझ्या डोक्याने पाठीवर पाडलेला तेलकट गोल.

उठायचं राहून गेलं. दिवा लावायचाही. खुर्ची गप्प होती, नेहमीसारखीच, आणि तिच्याकडे बघत बसल्यावर हळूहळू मला वाटायला लागलं, की हिने आता तरी माझ्याकडे बघून काहीतरी बोलावं.