गार राहतो का

ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊजींचा लॅपटॉप तापून पुन्हा बंद पडला, तेव्हा माझंही डोकं तापलं. "पांघरुणावर ठेवू नका, खालून हवा मिळत नाही," हे सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. अंथरुणाला खिळलेला माणूस तो दुसरीकडे ठेवणार कुठे, हे मला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून सुचत नव्हतं.

ताई लॅपटॉप घेऊन आली. मी पंख्यात अडकलेला कापूस काढला. प्रोसेसर सतत पूर्ण ताकदीवर पळत होता. भाऊजींनीच तशी सेटिंग करून ठेवली होती. "मला वेळ कुठाय," म्हणायचे. मी ती खाली आणली.

"आता सावकाश चालेल, पण तापणार नाही. गार राहतो का ते सकाळी कळव."

सकाळी ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक होता.

"गार पडलेत रे."

"मग? मी काय वेगळं सांगत होतो?" मी ऐटीत म्हणालो. "पण माझं ऐकतंय कोण."

हे बोलून गेलो. तेव्हा कुठे मला तिचं वाक्य नीट ऐकू आलं. लॅपटॉपला कुणी अहोजाहो करत नाही.