टेप काढायची राहिली

करमतं का, असं गुलाब रामटेकेंना कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "मस्त आहो, टनाटन." अड्याळच्या बाजारात हेच, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या तृप्तीला फोनवरही हेच. एकुलती एक पोर. बायको मंगलाबाई गेल्यापासून घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं, आणि टीव्हीशी बोलण्याइतके ते अजून वाया गेले नव्हते.

फेब्रुवारीत तृप्तीनं एक व्हिडिओ पाठवला. घरच्या घरी, जवळपास फुकटात, भिंतीवर लावायचं चित्र. पांढऱ्या फळीवर कागदी टेपच्या आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवायच्या, मधल्या खणांत उरलासुरला रंग भरायचा आणि टेप ओढून काढायची. रंगांच्या मधून पांढऱ्याशुभ्र रेघा निघतात.

"करून पाहा बाबा, वेळ जाईन तुमचा," ती म्हणाली. "टेप ओढाची तर मजाच वेगळी. मले लय आवडते ते."

बाकीचं सगळं सोडून म्हाताऱ्यानं हे शेवटचं तेवढं धरून ठेवलं.

कपाटाची उरलेली प्लायवूडची फळी निघाली, तिला पांढरा हात मारला. गेटचा निळा ऑइलपेंट, स्वयंपाकघराच्या दाराचा पिवळा, कुंड्यांचा तांबडा असे डबे खरवडून रंग जमवला. सगळा जन्म लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर गेलेला, त्यामुळे टेप लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

शेजारचा तेजराम डोकावला. "हे काय होय जी? वावराचा नकाशा?"

"ॲबस्ट्रॅक्ट होय."

"म्हंजे?"

"म्हंजे कशाचंच नाही."

"मंग कायले काढलं?" असं म्हणत तेजरामनं एका पट्टीचं टोक चिमटीत धरलं, तसे गुलाबराव खेकसले, "हात नोको लावू! ते तृप्ती येऊन काढन."

खरी गोम इथंच होती. 'घरी ये गं' असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. पोरगी कामात, तिला कशाला अडकवा? पण 'टेप काढायला ये' हे म्हणता येण्यासारखं होतं. त्यांनी ते म्हटलं. तृप्ती म्हणाली, चौदा एप्रिलच्या जयंतीला येते. जयंतीला सुट्टी मिळाली नाही. मग बुद्धपौर्णिमेला येते म्हणाली, तर तिकीट मिळालं नाही. फळी भिंतीला टेकून उभी होती. खोलीत मे महिन्याची आग, वरून तापलेला पत्रा. गुलाबराव रोज फडक्यानं धूळ पुसत आणि वाट पाहत. तारेवरची टेप वर्षानुवर्षं राहते. थांबल्यानं टेपचं काही बिघडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पौर्णिमा झाल्यावर एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तृप्तीला त्यांच्या पाठीमागची फळी दिसली.

"बाबा! टेप अजून तशीच? रंग ओला आहे तवाच काढा लागते ते. व्हिडिओत सांगतलं होतं ना!"

"ते बाई इंग्रजीत बोलून राहिली होती. मी आवाज बंद करून पाहलं."

"एक ओढून पाहा बरं."

त्यांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि एक पट्टी ओढली. निम्मी टेप तुटून फळीलाच चिकटून राहिली. निम्मी निघाली, ती रंगाचे निळे पापुद्रे घेऊनच. रेघ कसली, खालचं लाकूड उघडं पडलं.

तृप्ती खळखळून हसली. "गेलं की हो! काहून ठेवली इतके दिवस?"

'भुललो' म्हणून मोकळं होता आलं असतं. तेच ते म्हणणारही होते. पण हातात ती फाटकी पट्टी होती आणि ती टाकवेना.

"तू येशीन म्हणून ठेवली," ते म्हणाले. "मले नाही करमत, तृप्ती. घर खायले उठते."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. गुलाबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही तोंडातून निघालं होतं, आणि तेही पोरीजवळ. विषय बदलावा म्हणून ते फळीकडे वळले.

"दुसरी ओढू का?"

"नोका काढू, बाबा," ती हळूच म्हणाली. "बाकीच्या राहू द्या तशाच, माह्यासाठी."

कधी येते, ते तिनं या खेपेला सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फोन मात्र बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.