नाव सांगायला शिवलेला कोट

मी एक कोट बोलतोय. काळा होतो. आता माझा रंग सांगता येणार नाही. कोपरं विरली आहेत, अस्तर लोंबतंय आणि अंगभर सरकीचा कापूस चिकटलाय. पण मला शिवलं होतं एका मोठ्या कामासाठी. एका माणसाला चार लोकांपुढे उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं.

वऱ्हाडाचे सरकारी हुकूम तेव्हा नागपूरहून सुटत. मलकापुरात कादर मास्टरांचं शिलाईचं दुकान होतं. एका सकाळी तिथं एक उंच, वाळका तरुण आला आणि पायरीखालीच उभा राहिला. तो शालिग्राम. मोताळ्याच्या महारवाड्यातला, मराठी सातवी पास, वाड्यातल्या पोरांना अक्षरं शिकवणारा. दुसरे शिंपी त्याच्यासारख्याचं माप लांबूनच, अंदाजानं घ्यायचे. कादर मास्टरांनी त्याला वर बोलावलं, त्याच्या छातीभोवती फीत धरली आणि नाव विचारलं.

तो म्हणाला, “शा... शा...” आणि तिथंच थांबला. मान ताठ झाली, डोळे मिटले. मास्टर फीत धरून तसेच उभे राहिले. पुष्कळ वेळानं नाव आलं. मग कोट कशाला हवाय, हे मात्र त्यानं भराभर सांगितलं. त्याची जीभ एवढ्या एकाच शब्दावर अडत असे. स्वतःच्या नावावर.

मी अंगावर चढलो तेव्हा त्याचं काळीज थेट माझ्या अस्तराशी आलं. म्हणून पुढचं जे सांगतोय, ते मी नुसतं पाहिलेलं नाही. छातीवर सोसलेलं आहे.

पहिल्यांदा मला घालून तो बुलढाण्याला एका वकिलाकडे गेला. कारकुनाची जागा होती. वकिलानं मान वर न करता विचारलं, “नाव?” माझ्या आत सगळं थांबलं. श्वास नाही, शब्द नाही. गुंड्या ताणल्या गेल्या. बाकावर बसलेले पक्षकार आधी बघू लागले, मग हसू लागले. वकील म्हणाला, “बरं. आठवलं की या.”

घाट उतरून तो पायीच मोताळ्याला आला. वाटेत एका झाडाखाली बसून त्यानं आपलं नाव दहादा म्हटलं. एकदाही अडलं नाही.

घरी कोकिळा होती, त्याची बायको. तिला अक्षरओळख नव्हती, पण नवऱ्याच्या बोलण्याकडे तिच्याएवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं. झालेलं तिनं ऐकून घेतलं. चार-आठ दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमी पयले श्वास सोडून देता, अन् मंग बोलाले जाता. भाता रिकामा असला तं इस्तो कसा फुलन? अन् नाव पयले काऊन सांगता? काम सांगा, गाव सांगा. नाव मागून येईन.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो मला घालून अंगणात उभा राही आणि कोकिळा साहेब होऊन समोर खाटेवर बसे. ती जरबेनं विचारी, “कोण तुमी?” तो छाती भरून घेई. मी फुगे, आणि त्या फुगण्यावर बोलणं तरंगत बाहेर येई: “मी मास्तर. मोताळ्याचा. सातवी पास. माझं नाव शालिग्राम सुपडा.” सुपडा त्याच्या बापाचं नाव.

कोकिळेला एवढ्यानं समाधान नव्हतं. असे सातवी पास पुष्कळ येत असतील, ती म्हणाली. तुम्ही गेल्यावर लोकांच्या ध्यानात राहील असं काही तरी सांगा, पण खरं असेल तेच. त्यानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी अंगणात उभा राहून म्हणाला, “ज्या पोराले अक्षर येत नाही, त्याच्याजवळ मी आधी बसतो.” कोकिळा खाटेवरून उठून आत गेली. डोळे पुसूनच बाहेर आली.

दिवाळीनंतर बातमी आली. एका मोठ्या गावात मंडळींनी आपली शाळा काढली होती आणि मास्तर पाहिजे होता. गाव चांगलं दूर होतं. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

शाळेच्या मंडळाचे प्रमुख उत्तमराव देशमुख. भला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी शालिग्रामला खुर्ची दिली, पाणी दिलं. प्रवासाची विचारपूस केली आणि मग म्हणाले, “सांगा मास्तर. कोण तुमी?”

त्यानं छाती भरली. मी श्वास धरला म्हणा. आणि सगळं बाहेर आलं: काम, गाव, सातवी, नाव, बापाचं नाव. शेवटी ते पोराजवळ बसण्याचं वाक्य. एकही अक्षर तुटलं नाही. मंडळी एकमेकांकडे बघून माना डोलावू लागली. उत्तमरावांनी ते शेवटचं वाक्य स्वतःशी पुन्हा म्हटलं. माझ्या आतलं काळीज इतकं हलकं झालेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

“मोताळ्याचे म्हन्ता,” उत्तमराव हसत म्हणाले. “आमची सोयरीक हाये तिथं. कोण्या आळीत घर तुमचं?”

शालिग्राम खोटं बोलू शकला असता. नुसता अडखळला असता, तरी कुणी मदतीला एखाद्या आळीचं नाव सुचवलं असतं. पण त्या दिवशी त्याची जीभ अडत नव्हती.

“गावाबाहेर,” तो म्हणाला. “महारवाड्यात.”

कुणी ओरडलं नाही, अपशब्दही काढला नाही. एकानं आपली खुर्ची मागं घेतली. तो ज्यातून पाणी प्यायला होता, त्या टेबलावरच्या पेल्याकडे उत्तमरावांनी बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, “कळवू.” आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा आमच्या खुर्चीवर कुणी तरी पाणी ओतत होतं.

घरी कोकिळा दारातच उभी होती. तिनं विचारलं, “अडले का?”

“नाही,” तो म्हणाला. “समदं साफ आयकू गेलं त्याईले.”

त्यानंतर त्यानं कुठं अर्ज केला नाही. दोघं मलकापूरला आली आणि तो जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, लागला. गाठोडी फोडायची, कापूस यंत्राशी न्यायचा. थंडीसाठी तो मलाच घाली. तिथं कुणी नाव विचारत नसे. हळूहळू कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली. एका वाक्यासाठी कमावलेला तो श्वास आता दोन शब्दांनाही पुरेना. खोकल्याची उबळ आली की तो मला दोन्ही मुठींनी छातीवर घट्ट आवळून धरी. मी लोकरीचा होतो. मला त्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

पौषात तो गेला.

महिना सरल्यावर कोकिळा त्याच जिनाच्या फाटकाशी बायांच्या रांगेत उभी राहिली. लुगड्यावर मला चढवलेलं, बाह्या दुमडलेल्या. हजेरीबाबूनं विचारलं, “कोणाची कोण?”

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रांगेतल्या सगळ्या “धन्याची” म्हणून पुढं सरकत होत्या. कोकिळेनं छाती भरून घेतली. पुन्हा एकदा मी फुगलो.

“मी कोकिळा,” ती म्हणाली. “मोताळ्याची. शालिग्राम सुपडा मास्तराची बायको.”

रांगेतल्या बाया वळून तिच्याकडे बघू लागल्या. बाबू म्हणाला, “मास्तर? इथं कोण मास्तर होता?” आणि उत्तराची वाट न बघता, तिची हजेरी मांडून त्यानं पुढच्या बाईला हात केला.

आता मी त्या जिनातल्या एका खुंटीवर असतो. कोकिळा दिवसभर सरकी वेचते, संध्याकाळी मला झटकून अंगावर घेते. झटकून कापूस जात नाही. या थंडीपुरता मी टिकेन, पुढच्या थंडीचं काही सांगता येत नाही.

तुमच्यापुढं कधी तरी कुणी नवा माणूस येईल, चांगले कपडे घालून, छाती भरून. त्याला बसायला सांगा, आणि तो कोण आहे ते सांगून होईपर्यंत थांबा. त्यानं सांगितलं तेवढा तो तुम्हाला पुरू द्या. आळी विचारू नका.