मंडळी बी येतेत

"व्हय, व्हय, बँकॉकच! मंडळी बी येतेत की सोबत!" अर्जुनराव फोनवर म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. त्यांचा आवाज फोनशिवायही बँकॉकला पोचला असता. चौसाळ्याला हायवेवर त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. यंदा माल बरा खपवला, म्हणून कंपनीने सहल काढली होती.

आत विमलबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. मंडळी म्हणजे बायको. लग्न झाल्यापासून अर्जुनरावांनी चारचौघांत त्यांना दुसरा शब्दच वापरला नव्हता. "मंडळी माहेरी गेलीया." "मंडळीला बरं न्हाई." पासपोर्ट तर मागंच काढलेले होते, दुबईला लेकीकडं जायचं म्हणून. ते जाणं राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून विमलबाई थोड्या थोड्या बँकॉकला जाऊ लागल्या. जवळच्या कपिलधारच्या पलीकडं सहल म्हणून न गेलेली ही बाई भांडी विसळता विसळता नदीकाठी उतरायची, आणि इकडं दूध उतू जायचं.

सून प्रियदर्शनी मोबाइलवर दाखवी. "आत्याबाई, हे बघा. सोन्याचा बुद्ध."

"एवढा मोठा देव, आन निजलाय कावून?"

"दमला असंल."

"मग निजू दे. मी आले म्हणून उठू नको म्हणावं."

"आन ह्यो नदीतला बाजार. बाया नावंतूनच भाजी विकतेत."

"काटा हलत न्हाई का गं त्यांचा?" शेवटी बाई दुकानदारीणच.

दोघींनी बेत ठरवला. सकाळी देव, ऊन चढायच्या आत नाव, आणि राजवाडा मात्र दिवे लागल्यावर.

एका दुपारी जेवताना विमलबाईंनी हळूच विचारलं, "आवो, नावंत बसताना हात धराल न्हवं? मला पाण्याचं लई भ्या वाटतं."

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. "कंच्या नावंत?"

"बँकॉकच्या."

"अगं, विजयसिंह, अमरसिंह, आमी समदी दुकानदार मंडळी चाललोय. बायका कुणाच्याच न्हाईत."

पाणी वाढायला आलेली सून तशीच मागं सरली. विमलबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, वर तूप सोडलं.

"ते काय मला ठावं न्हाई? म्हणलं बघावं, तुमचं तोंड कसं होतंय."

अर्जुनराव हसले. सुटल्यासारखे, मोठ्यांदा.

"देव सकाळीच बघा," त्या म्हणाल्या. "नाव ऊन चढायच्या आत. आन राजवाडा दिवे लागल्यावर."

"बरं," ते म्हणाले. तुला हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी दुकान विमलबाईंनी उघडलं. एक शेतकरी तुरीचं बी मागायला आला.

"मालक न्हाईत का?"

"परदेशी गेलेत."

"आन तुमी?"

"मी हाय की हितं. कंचं बी देऊ?"

बी घेऊन तो गेला. मग विमलबाई मालकाच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची उंच होती, पाय जमिनीला टेकेनात. बाहेर हायवेवर दुपार वाहत होती. त्यांनी डोळे मिटले आणि पाय तसेच, नावेतून पाण्यात सोडल्यासारखे, हलू दिले.